बेंजामिन रॉबिन्स

बेंजामिन रॉबिन्स (१७०७, बाथ, इंग्लंड – २९ जुलै १७५१, फोर्ट सेंट डेव्हिड, कडलूर, भारत) हे इंग्लिश गणितज्ञ, अभियंता आणि तोफखानाशास्त्रज्ञ होते. बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग प्रयोगाने मोजण्याची पहिली विश्वासार्ह रीत त्यांनी प्रत्यक्षात आणली. बंदुकीत दारू किती व कशी भरावी, गोळी नळीत कशी बसावी, ती सरळ का जात नाही आणि नळी का फुटते या प्रश्नांना त्यांनी अनुभवी गोलंदाजांच्या अंदाजातून बाहेर काढून मोजमापाच्या कक्षेत आणले. १७४२ साली प्रसिद्ध झालेला 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हा त्यांचा ग्रंथ आधुनिक प्रक्षेपशास्त्राचा पाया मानला जातो. आयुष्याच्या अखेरीस ते ईस्ट इंडिया कंपनीचे प्रमुख अभियंता म्हणून भारतात आले आणि सुमारे वर्षभरातच कोरोमंडल किनाऱ्यावर त्यांचे निधन झाले.

जन्म आणि शिक्षण

रॉबिन्स यांचा जन्म इंग्लंडमधील बाथ या गावी एका गरीब क्वेकर कुटुंबात झाला. त्यांचे वडील शिंपीकाम करीत. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील शांततावादी पंथ असून शस्त्र हाती धरणे तो निषिद्ध मानतो. अशा घरात जन्मलेल्या मुलाने पुढे बंदूक आणि तोफ यांचे शास्त्र रचावे, ही त्यांच्या चरित्रातील लक्षणीय विसंगती आहे. रॉबिन्स तरुणपणीच त्या पंथाच्या आचारापासून दूर गेले.

त्यांचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. परंतु गणितातील त्यांची गती लहान वयातच परिचितांच्या ध्यानात आली. त्यांचे काही लेखन लंडनमधील वैद्य व गणितज्ञ हेन्री पेंबर्टन यांच्याकडे पाठविण्यात आले. पेंबर्टन हे आयझॅक न्यूटन यांच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीचे संपादक होते. त्यांनी रॉबिन्स यांची पारख करण्यासाठी काही प्रश्न पाठविले आणि उत्तरे पाहून त्यांना लंडनला येण्यास उत्तेजन दिले. लंडनमध्ये रॉबिन्स यांनी प्राचीन ग्रीक भूमितिकारांचे व अलीकडच्या गणितज्ञांचे ग्रंथ अभ्यासले आणि काही भाषाही आत्मसात केल्या. १७२७ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

लंडनमधील कार्य

प्रारंभी रॉबिन्स यांनी खाजगी रीतीने गणित शिकवून उदरनिर्वाह केला. पुढे एका जागी बसून करावयाच्या या कामाचा त्यांना कंटाळा आला व ते अभियांत्रिकीकडे वळले. पूल, गिरण्या, बंदरे, दलदलीच्या जमिनीचा निचरा, नद्यांतील जलमार्ग अशा कामांत त्यांनी लक्ष घातले. फ्लँडर्समध्ये जाऊन तेथील तटबंदीच्या बांधकामाचीही त्यांनी पाहणी केली. तटबंदीच्या अभ्यासातून तोफांचा अभ्यास ओघानेच आला.

याच काळात ते न्यूटन यांच्या गणिताचे खंबीर पुरस्कर्ते म्हणून ओळखले जाऊ लागले. १७३४ साली जॉर्ज बर्कली या तत्त्वज्ञाने कलनशास्त्राच्या तार्किक पायावर कठोर टीका केली. तिला उत्तर म्हणून रॉबिन्स यांनी १७३५ मध्ये एक प्रबंध लिहून न्यूटन यांची पद्धत सीमा या कल्पनेच्या आधारे स्पष्ट केली. १७३९ मध्ये त्यांनी लेओनार्ड ऑयलर यांच्या यामिकीवरील ग्रंथाची तिखट समीक्षा केली. या समीक्षेला पुढे अनपेक्षित वळण मिळाले.

राजकारणातही रॉबिन्स यांचा सहभाग होता. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या स्पेनविषयक धोरणावर टीका करणाऱ्या त्यांच्या पुस्तिका १७३९ मध्ये गाजल्या. वॉलपोल यांच्या पायउतारानंतर १७४२ मध्ये त्यांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी हाउस ऑफ कॉमन्सने नेमलेल्या गुप्त समितीचे रॉबिन्स हे सचिव होते.

वुलिच येथील पद व ग्रंथाचा जन्म

१७४१ साली वुलिच येथे तोफखान्यातील अधिकारी व अभियंते यांच्या शिक्षणासाठी रॉयल मिलिटरी अकॅडमी स्थापन झाली. तेथील प्राध्यापकपद आपणास मिळावे अशी रॉबिन्स यांची इच्छा होती व त्यासाठी त्यांनी व्याख्यानांची रूपरेषाही तयार केली होती. ते पद जॉन म्युलर यांना मिळाले. रॉबिन्स यांनी राजकारणात सत्ताधाऱ्यांविरुद्ध घेतलेली भूमिका त्यांना भोवली असावी, असे चरित्रकार मानतात.

पद हुकले तरी तयारी वाया गेली नाही. वर्गात शिकवावयाचा मजकूर रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' या नावाने छापला. आकाराने लहान असलेल्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात बंदुकीच्या दारूची शक्ती व तिच्यामुळे गोळीला मिळणारा वेग यांचे, तर दुसऱ्यात हवेतून जाणाऱ्या गोळीला होणाऱ्या रोधाचे विवेचन आहे.

प्रक्षेप्य दोलक

गोळीचा वेग डोळ्यांना दिसत नाही आणि त्या काळच्या घड्याळांनी तो मोजता येणे शक्य नव्हते. त्यामुळे एखादी दारू चांगली की वाईट, भरणा पुरेसा की जास्त, हे गोळी किती लांब गेली किंवा फळीत किती खोल रुतली यावरून ठरविले जाई. रॉबिन्स यांनी या अडचणीवर साधा पण अचूक उपाय काढला. त्यांनी एका तिकाटण्यावर लोखंडी दांड्याने जड दोलक टांगला आणि त्याच्या समोरच्या अंगाला जाड लाकडी फळी बसविली. या फळीवर गोळी झाडली की ती लाकडात रुतून बसे आणि दोलक मागे झुले. दोलकाच्या खालच्या टोकाला एक फीत जोडलेली असे. झोक्याबरोबर ती जितकी बाहेर ओढली जाई, तितक्या लांबीवरून झोक्याची मर्यादा कळे.

यामागील तत्त्व संवेगाच्या अक्षय्यतेचे आहे. हलकी व वेगवान गोळी जड दोलकात रुतली की दोहोंचा मिळून वेग अतिशय कमी होतो, परंतु एकूण संवेग तेवढाच राहतो. हा कमी झालेला वेग झोक्याच्या उंचीवरून काढता येतो आणि त्यावरून गोळीचा मूळ वेग गणिताने मिळतो. रॉबिन्स यांच्या दोलकाचे वजन ५६ पौंडांहून थोडे अधिक होते, तर गोळी एक द्वादशांश पौंडाची होती. म्हणजे दोलक गोळीपेक्षा सुमारे पावणेसातशे पट जड होता. त्यामुळे सेकंदाला दीड हजार फुटांहून अधिक असलेला वेग काही फुटांवर येऊन मोजण्याच्या आवाक्यात आला. गोळीच्या निम्म्या वजनाची दारू भरली असता सैनिकी बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे १,६०० ते १,७०० फूट वेगाने सुटते, असे त्यांना आढळले.

दारू, भरणा आणि नळीची सुरक्षितता

रॉबिन्स यांच्या काळी बहुतेक बंदुका ठासणीच्या होत्या. प्रत्येक बारासाठी नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावी लागे. बार किती अचूक व किती सुरक्षित होईल हे भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. भरण्यातील चूक म्हणजे नेमकी काय आणि तिचा परिणाम किती, हे रॉबिन्स यांनी प्रथमच आकड्यांत मांडले.

दारू पेटल्यावर तिच्यातून हवेसारखा एक स्थितिस्थापक वायू बाहेर पडतो आणि गोळीला ढकलणारी शक्ती या वायूच्या दाबाची असते, असे त्यांनी प्रतिपादन केले. नेहमीच्या तापमानाला हा वायू दारूच्या आकारमानाच्या सुमारे २४४ पट जागा व्यापतो आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे त्याचा दाब आणखी सुमारे चौपट होतो, असे त्यांनी प्रयोगावरून ठरविले. त्यावरून पेटलेल्या दारूचा आरंभीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १,००० पट निघाला. दारूतील ओलावा तिची शक्ती घटवितो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. एकाच वजनाची दारू भरूनही दोन बारांत फरक का पडतो, याचे एक कारण त्यामुळे स्पष्ट झाले.

गोळी आणि नळी यांच्यामधील फट हा दुसरा मुद्दा होता. गोळी लवकर आत जावी म्हणून ती नळीच्या व्यासापेक्षा लहान ठेवण्याची प्रथा होती. या फटीतून वायू निसटतो, शक्ती वाया जाते आणि गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते. फट कमी केली तर थोड्या दारूत तेवढाच वेग मिळेल आणि नेमही सुधारेल, असे रॉबिन्स यांचे म्हणणे होते. जे काम साधावयाचे आहे ते ज्या कमीत कमी भरण्याने साधते तोच भरणा वापरावा, हा त्यांचा नियम होता. अधिक दारूने वेगात होणारी वाढ हवेच्या रोधामुळे थोड्याच अंतरात नाहीशी होते, तर नळीवरचा ताण व धक्का मात्र वाढलेला राहतो, असे त्यांच्या मोजमापातून दिसत होते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत बोलका प्रयोग गोळीच्या जागेविषयी आहे. गोळी दारूला भिडलेली नसून नळीत तिच्यापासून दूर राहिली, तर मधल्या पोकळीत पसरणारा वायू प्रचंड वेगाने गोळीवर आदळतो, तिच्यामागे साचतो आणि तेवढ्याच ठिकाणी दाब अतोनात वाढतो. हे पाहण्यासाठी रॉबिन्स यांनी चिवट लोखंडाची एक उत्तम सैनिकी बंदूक घेतली. तीत १२ पेनीवेट, म्हणजे सुमारे १८.७ ग्रॅम दारू भरून गोळी नळीच्या बुडापासून १६ इंचांवर ठेवली. भरणा नेहमीएवढाच होता. बार उडविताच गोळीच्या लगेच मागचा नळीचा भाग फुगवलेल्या फुग्यासारखा दुप्पट व्यासाचा झाला आणि त्यातून दोन-दोन इंच लांबीचे दोन तुकडे उडाले. दारूचे प्रमाण बरोबर असूनही नळी फुटू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. गोळी दारूपर्यंत ठासून बसविणे हा शिस्तीचा विषय मानला जाई. त्यामागचे शास्त्रीय कारण आता पुढे आले.

हवेचा रोध

हवेचा रोध नसेल तर फेकलेली वस्तू अन्वस्ताच्या वक्रावरून जाते, हे गॅलिलिओ यांनी सिद्ध केले होते. हवा अतिशय विरळ असल्याने जड गोळ्यावर तिचा परिणाम नगण्य असेल, असे समजून गोलंदाजीवरील बहुतेक पुस्तके या वक्रावरच आधारलेली असत. रॉबिन्स यांनी दोलक बंदुकीपासून निरनिराळ्या अंतरांवर ठेवून त्याच भरण्याने गोळ्या झाडल्या. २५ फुटांवर गोळीचा वेग सेकंदाला १,६७० फूट, ७५ फुटांवर १,५५० फूट आणि १२५ फुटांवर १,४२५ फूट आढळला. प्रत्येक ५० फुटांत सुमारे १२० फूट वेग कमी होत होता. याचा अर्थ हवेचा रोध गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट होता.

या निष्कर्षाने जुनी कोष्टके निरुपयोगी ठरली. पूर्ण भरण्याने सुटलेला २४ पौंडी तोफेचा गोळा निर्वात जागेत सुमारे १६ मैल गेला असता. प्रत्यक्षात तो ३ मैलही जात नाही. शिवाय मंद वेगावरून काढलेल्या नियमाने जेवढा रोध अपेक्षित होता, त्याच्या जवळजवळ तिप्पट रोध मोठ्या वेगाला दिसत होता आणि हा बदल ध्वनीच्या वेगाच्या आसपास घडत होता. ध्वनीहून जलद गतीच्या अभ्यासातील ही पहिली महत्त्वाची नोंद होय. मंद वेगावरील रोध मोजण्यासाठी रॉबिन्स यांनी वजनाच्या साहाय्याने फिरणाऱ्या भुजेचे यंत्र तयार केले होते. पुढे विमानविद्येच्या आरंभकाळी हेच यंत्र पंखांच्या अभ्यासासाठी वापरले गेले.

या संशोधनाबद्दल रॉयल सोसायटीने १७४६ मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिले.

गोळीचे भरकटणे आणि पेचदार खाचा

बंदूक घट्ट बांधून तोच भरणा पुन्हापुन्हा वापरला तरी गोळ्या एका जागी पडत नाहीत, हे रॉबिन्स यांनी बंदुकीसमोर ठरावीक अंतरांवर पातळ कागदांचे पडदे उभारून तपासले. पडद्यांवरील भोके जोडली असता गोळीचा मार्ग कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळलेला दिसे. बाहेर पडताना नळीच्या ज्या बाजूला गोळी घासते त्यानुसार तिला गिरकी मिळते, गिरकीमुळे तिच्या दोन बाजूंवरील हवेचा रोध असमान होतो आणि ती एका अंगाला ढकलली जाते, असे त्यांनी अनुमान केले.

हे अनुमान पडताळण्यासाठी त्यांनी एका बंदुकीची नळी टोकाशी थोडी डावीकडे वाकविली. गोळी अर्थातच डावीकडे सुटली. परंतु वाकलेल्या भागातून जाताना ती नळीच्या उजव्या बाजूला घासत असल्याने तिला मिळालेल्या गिरकीमुळे तिचा मार्ग पुढे उजवीकडे वळायला हवा होता आणि तो तसाच वळला. रॉयल सोसायटीच्या सभेत त्यांनी पिळलेल्या दुहेरी दोरीला टांगलेल्या लाकडी चेंडूनेही हाच परिणाम दाखविला. १८५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक माग्नुस यांनी या परिणामाचा अभ्यास केला व तो माग्नुस परिणाम या नावाने प्रसिद्ध झाला. त्याचा शोध रॉबिन्स यांनी शंभरांहून अधिक वर्षे आधी लावला होता. क्रिकेटमधील फिरकी चेंडूचे हवेत वळणेही याच परिणामाने होते.

भरकटण्याचे कारण गिरकी असेल, तर उपायही गिरकीतच होता. नळीच्या आत पेचदार खाचा असलेल्या रायफली जर्मनीत व मध्य युरोपात शिकारी लोक पूर्वीपासून वापरीत. त्या अचूक का असतात याचे स्पष्टीकरण मात्र कोणापाशी नव्हते. १७४७ मध्ये वाचलेल्या निबंधात रॉबिन्स यांनी ते दिले. खाचांमुळे गोळी आपल्या गमनाच्या दिशेभोवती फिरते, तिच्या सर्व बाजूंवर रोध सारखा राहतो आणि ती एका अंगाला वळत नाही. यासाठी गोळी खाचांत घट्ट बसणे आवश्यक असते. लोखंडी गज व हातोडीने गोळी ठोकून बसविण्याची आणि तेल वा चरबी लावलेल्या चामड्याच्या तुकड्यात ती गुंडाळण्याची अशा दोन्ही रीती त्यांनी वर्णिल्या. मागच्या बाजूने भरता येणारी रायफल त्यांनी सर्वांत श्रेयस्कर मानली. गोल गोळीऐवजी अंड्याच्या आकाराची, जड टोक पुढे असलेली गोळी वापरून पाहावी, असेही त्यांनी सुचविले. जे राष्ट्र रायफलीचे मर्म जाणून आपल्या सैन्याला तिच्यात निष्णात करील, त्याला बंदूक प्रथम वापरणाऱ्यांएवढेच मोठे वर्चस्व लाभेल, असे भाकीत या निबंधाच्या शेवटी आहे. ते खरे ठरण्यास सुमारे शंभर वर्षे लागली.

ऑयलर यांचे भाष्य

प्रशियाचे राजे दुसरे फ्रेडरिक यांच्यासाठी तोफखान्यावरील उत्तम ग्रंथाची निवड करण्याचा प्रसंग आला, तेव्हा ऑयलर यांनी रॉबिन्स यांच्या ग्रंथाची शिफारस केली. सहाच वर्षांपूर्वी रॉबिन्स यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली होती, ही गोष्ट त्यांनी आड येऊ दिली नाही. १७४५ मध्ये ऑयलर यांनी केलेले जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यातील त्यांचे भाष्य मूळ ग्रंथाच्या कित्येक पट मोठे होते आणि रॉबिन्स यांच्या प्रयोगांना त्यामुळे उच्च गणिताची जोड मिळाली. गोळीच्या भरकटण्याबाबत मात्र ऑयलर यांना रॉबिन्स यांचे स्पष्टीकरण पटले नाही. गोळीच्या आकारातील दोष हे त्याचे कारण असावे, असे त्यांचे मत होते. या बाबतीत रॉबिन्स यांचेच म्हणणे बरोबर ठरले.

१७७४ मध्ये फ्रान्सचे मंत्री तुर्गो यांनी या ग्रंथाच्या फ्रेंच भाषांतराची शिफारस सोळाव्या लुई राजाकडे केली. ओसोन येथील तोफखाना विद्यालयातील प्राध्यापक लोंबार यांचे भाषांतर १७८३ मध्ये निघाले. त्यानंतर काही वर्षांनी याच विद्यालयात नेपोलियन बोनापार्ट हा तरुण तोफखाना अधिकारी शिकत होता.

नौदल व इतर कार्य

१७४७ मध्ये रॉबिन्स यांनी इंग्लिश नौदलाच्या तोफांविषयी एक प्रस्ताव मांडला. लहान तोफांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या पण मोठ्या तोंडाच्या तोफा ठेवाव्यात आणि त्यांत थोडी दारू भरून जड गोळे फेकावेत, असे त्यांचे मत होते. १७७९ च्या सुमारास स्कॉटलंडमधील कॅरन कारखान्याने तयार केलेल्या कॅरोनेड या आखूड तोफेत हीच कल्पना उतरली.

नौसेनापती जॉर्ज ॲन्सन यांच्याशी रॉबिन्स यांचा स्नेह होता. ॲन्सन यांच्या १७४०–१७४४ या काळातील पृथ्वीप्रदक्षिणेचा वृत्तांत १७४८ मध्ये जहाजावरील धर्मोपदेशक रिचर्ड वॉल्टर यांच्या नावाने प्रसिद्ध झाला व अतिशय लोकप्रिय ठरला. त्याच्या लेखनात रॉबिन्स यांचा मोठा वाटा होता असे मानले जाते. ग्रीनिच वेधशाळेला नवी उपकरणे मिळवून देण्यासाठीही त्यांनी ॲन्सन यांच्यामार्फत प्रयत्न केले. १७४९ मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये झालेल्या आतषबाजीच्या वेळी त्यांनी अग्निबाणांची उंची मोजण्याची व्यवस्था केली आणि त्यावर निबंध लिहिला.

भारतातील वास्तव्य व निधन

१७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले होते. तहानुसार ते १७४९ मध्ये इंग्रजांना परत मिळाले, तरी कोरोमंडल किनाऱ्यावरील किल्ले नव्या तोफांपुढे टिकणारे नाहीत हे उघड झाले होते. त्यांच्या दुरुस्तीसाठी ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्स यांची प्रमुख अभियंता म्हणून नेमणूक केली. १७४९ च्या अखेरीस खगोलशास्त्रीय व प्रायोगिक उपकरणे बरोबर घेऊन ते निघाले आणि जुलै १७५० मध्ये कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे पोहोचले. मद्रास हातातून गेल्यापासून कंपनीचा या किनाऱ्यावरील कारभार तेथूनच चाले.

या किल्ल्याचा मराठ्यांच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत जिंजीचा प्रदेश जिंकला. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना १६९० मध्ये कंपनीने हा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. त्या व्यवहारात किल्ल्याभोवतालच्या प्रदेशाची हद्द तोफेच्या गोळ्याने ठरली. किल्ल्यावरून चारी दिशांना तोफ डागावी आणि गोळा पडेल तिथपर्यंतची गावे कंपनीची समजावीत, असे ठरले होते. ही गावे पुढे तोफगोळ्याची गावे म्हणूनच ओळखली जात. गोळा किती लांब जातो या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देणारा संशोधक साठ वर्षांनी याच हद्दीत येऊन राहिला.

रॉबिन्स यांनी मद्रास व फोर्ट सेंट डेव्हिड या दोन्ही ठिकाणच्या तटबंदीचे आराखडे तयार केले. परंतु तेथील हवामान त्यांना मानवले नाही. सप्टेंबर १७५० मध्ये त्यांना तापाने गाठले. त्यातून ते उठले, पण प्रकृती पूर्वीसारखी झाली नाही. २९ जुलै १७५१ रोजी फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते कंपनीला पाठवावयाच्या अहवालाचे काम करीत होते असे सांगितले जाते. ते अविवाहित होते. बरोबर आणलेल्या उपकरणांनी उष्ण प्रदेशात प्रयोग करण्याचा त्यांचा संकल्प अपुरा राहिला. फोर्ट सेंट डेव्हिडचा किल्ला १७५८ मध्ये फ्रेंचांनी घेतला व पाडून टाकला.

त्यांचे मित्र जेम्स विल्सन यांनी १७६१ मध्ये त्यांचे निवडक लेखन चरित्रासह दोन खंडांत प्रसिद्ध केले.

मर्यादा

गोळी हलण्यापूर्वीच सर्व दारू जळून जाते, हे रॉबिन्स यांचे गृहीतक पुढील संशोधनात टिकले नाही. दारू जळत असतानाच गोळी पुढे सरकत असते आणि जळण्याचा वेग दाण्यांच्या आकारावर अवलंबून असतो. त्यामुळे त्यांनी काढलेला १,००० वातावरणांचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी ठरला. त्यांचे बहुतेक प्रयोग लहान बंदुकीवर झाले होते. मोठ्या तोफांवरील मोजमापे चार्ल्स हटन यांनी १७७५ नंतर वुलिच येथे मोठा दोलक उभारून केली. हटन यांनीच १८०५ मध्ये रॉबिन्स यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित केली.

वारसा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लांबट गोळीच्या रायफली युरोपातील सैन्यांत रूढ झाल्या आणि रॉबिन्स यांचे भाकीत प्रत्यक्षात आले. गोळी खाचांतून सहज सरकावी म्हणून तिला वंगण लावण्याची गरज या रायफलींबरोबर आली. भारतात एनफील्ड रायफलीच्या काडतुसांना लावलेल्या चरबीचा प्रश्न १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरला.

आज कारखान्यात तयार झालेली काडतुसे सर्वत्र मिळत असली, तरी काही देशांतील नेमबाज अचूकतेसाठी काडतुसे स्वतः भरतात. दारूचे वजन ग्रेनमध्ये, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅमच्या मापात तोलणे, प्रत्येक गोळी काडतुसात सारख्याच खोलीवर बसविणे, भरणा कमी प्रमाणापासून हळूहळू वाढवीत नेणे आणि वेगमापक यंत्राने प्रत्येक बाराचा वेग नोंदविणे या त्यांच्या रीती रॉबिन्स यांच्या विचारसरणीशी जुळतात. वेगात फरक पडला की दूरच्या लक्ष्यावर गोळ्या वर-खाली पडतात. रॉबिन्स यांच्या काळची काळी दारू आणि आजची धूरविरहित दारू यांच्या गुणधर्मांत मोठा फरक आहे. काळ्या दारूचे माप धूरविरहित दारूला लावल्यास दाब अनेक पटींनी वाढून बंदूक फुटू शकते. कमी शक्तीच्या बाराने गोळी नळीत अडकली आणि ते लक्षात न घेता पुढचा बार उडविला, तर अडकलेल्या जागी नळी फुगते वा फुटते. रॉबिन्स यांच्या फुटलेल्या नळीची आठवण करून देणारा हा अपघात आजही नेमबाजीतील गंभीर अपघातांत मोडतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही.

प्रक्षेप्य दोलकाची जागा पुढे विद्युत व प्रकाशीय वेगमापकांनी घेतली. तरीही संवेगाची अक्षय्यता शिकविण्यासाठी हा दोलक आजही भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत व प्रयोगशाळांत वापरला जातो.